ओळखीचा शाह आणि अनोळखी माणूस



निजामशाहीत आपल्या बेगम बाजारातील आणि कारवानातील सावकारांच्या पेढ्यांवर हुंड्या चालत. एका गावी पैसे भरावेत, चिठ्ठी घ्यावी आणि दुसऱ्या गावी रोकड उचलावी. दर्शनी हुंडीचे पैसे दाखवताच मिळत, मुदतीचे ठरल्या दिवशी. हुंडी हरवली तर पेठ, तीही हरवली तर परपेठ लिहून मिळे. व्यवस्था चोख होती. पण शाहजोग हुंडीत एक मेख होती : पैसे मिळत ते बाजारात पत असलेल्या 'शाहा'लाच. परक्याला आधी असा एक शाह गाठावा लागे. हुंडी खोटी किंवा चोरीची निघाली तर भरपाई त्या शाहाने करायची. म्हणजे विश्वास परक्यावर नव्हताच, जामिनावर होता. आपल्या घरीही पाहुण्याला पाणी देतानाच विचारतात, "तुम्ही कुठले, कोणापैकी?"

परंतु ओळख म्हणजे प्रामाणिकपणा नव्हे, हेही याच शहराने पाहिले. विल्यम पामर आणि कंपनीला 1816 साली निजाम सरकारला कर्ज देण्याची खास परवानगी मिळाली. भागीदार रम्बोल्ड याची पत्नी गव्हर्नर-जनरल लॉर्ड हेस्टिंग्जची पाल्या होती. याहून मोठा शाह कोणता? पेढीने जबर व्याज लावले. 1820 साली रेसिडेंट म्हणून आलेल्या मेटकाफने हे प्रकरण बाहेर काढले आणि 1824 साली पेढी बुडाली.

याउलट परक्यांविषयीचा एक प्रयोग 2019 साली प्रसिद्ध झाला. संशोधकांनी 40 देशांत 17,000हून अधिक पाकिटे 'सापडली' म्हणून हॉटेले, बँका, कचेऱ्यांत सोपवली. ती मालकाला कळवण्याचे प्रमाण देशोदेशी फार वेगळे निघाले. स्वित्झर्लंड पुढे, चीन मागे. मात्र 38 देशांत पैसे असलेल्या पाकिटांबद्दलच अधिक लोकांनी कळवले. लोकांचा अंदाज नेमका उलट होता. परका माणूस आपण समजतो त्याहून बरा असतो.

आमच्या जैन परंपरेत खोटे माप आणि भेसळ हे अचौर्य व्रताचे अतिचार आहेत. गिऱ्हाईक अनोळखी आहे म्हणून त्यात सूट नाही.

आपले पूर्वज या शहरात आले तेव्हा तेही परकेच होते; कोणीतरी त्यांचा शाह झाला असेल. आज खोली भाड्याने विचारत दारात उभ्या असलेल्या अनोळखी मुलासाठी आपण शाह होणार का?