'एकच प्याला'तील सुधाकर : मानसिक संघर्ष आणि त्याचा ऐतिहासिक संदर्भ

प्रस्तावना :

राम गणेश गडकरी (१८८५-१९१९) यांचे 'एकच प्याला' हे पाच अंकी नाटक मराठीतील श्रेष्ठ शोकात्मिकांमध्ये गणले जाते. २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे गडकऱ्यांचे निधन झाले आणि त्यानंतर लवकरच, फेब्रुवारी १९१९ मध्ये, गंधर्व नाटक मंडळीने बडोदे येथे हे नाटक प्रथम रंगभूमीवर आणले. नाटकातील पदे वि. सी. गुर्जर यांनी रचली. गणपतराव बोडस यांनी सुधाकराची, तर बालगंधर्वांनी सिंधूची भूमिका साकारली. मद्यपानाचे दुष्परिणाम दाखविणारे बोधप्रद नाटक अशीच या कृतीची सर्वसाधारण ओळख आहे. ही ओळख चुकीची नसली तरी अपुरी आहे. सुधाकराच्या ऱ्हासाचे मूळ दारूत नसून दुखावलेल्या अभिमानात आहे आणि त्या अभिमानाला वसाहतकालीन सुशिक्षित वर्गाच्या जीवनाचा संदर्भ आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्याने मद्यनिर्मिती व विक्रीवरील सरकारी नियंत्रण दृढ झाले आणि अबकारी हे महसुलाचे महत्त्वाचे साधन बनले. त्यामुळे मद्यपानविरोध हा केवळ नैतिक प्रश्न न राहता राजकीय प्रश्नही झाला. १९०८ मध्ये पुण्यात दारूच्या दुकानांसमोर निरोधन करण्याची चळवळ झाली व लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले. अशा वातावरणात वाढलेल्या प्रेक्षकाने 'एकच प्याला' हे दारूविरोधी नाटक म्हणून स्वीकारावे, हे स्वाभाविकच होते. शिवाय बालगंधर्वांच्या अभिनयाने व गायनाने सिंधूचे दुःख प्रेक्षकांच्या मनावर इतके ठसले की सुधाकराचे अंतर्मन काहीसे झाकले गेले.

मराठी शोकात्म नाटकाची परंपरा तोपर्यंत सुमारे सहा दशकांची होती. वि. ज. कीर्तने यांच्या 'थोरले माधवराव पेशवे' (१८६१) या नाटकात नायकाचा अंत आजारपणाने होतो. गो. ब. देवल यांनी 'ऑथेल्लो'वरून रचलेल्या 'झुंजारराव' (१८९०) या नाटकात दुष्ट सहकाऱ्याने पेरलेला संशय नायकाचा नाश करतो. गडकऱ्यांनीही तळीरामाच्या रूपाने एक मोहक योजला आहे. मात्र तळीराम केवळ प्याला पुढे करतो. तो घेण्याची मनःस्थिती सुधाकराच्या ठिकाणी आधीच तयार झालेली असते.

सुधाकराच्या मनातील द्वंद्व :

सुधाकर गरिबीतून स्वतःच्या बुद्धीच्या बळावर वकील झालेला तरुण आहे. त्याच्यापाशी वडिलोपार्जित संपत्ती वा घराण्याचा आधार नाही. सिंधू मात्र श्रीमंत घरातली आहे. साहजिकच त्याचा सारा आत्मसन्मान स्वकर्तृत्वावर उभा राहतो. येथे एक ऐतिहासिक विसंगती लक्षात घ्यावी लागते. ज्या सनदेमुळे हे कर्तृत्व समाजात सिद्ध होते, ती सनद सरकारने दिलेली असते आणि सरकारच ती काढून घेऊ शकते. स्वावलंबी म्हणवणारा हा नवा मध्यमवर्ग प्रतिष्ठेसाठी परसत्तेवर अवलंबून होता. न्यायालयात मुन्सफाशी झालेल्या खटक्यातून सुधाकराची सनद काही काळासाठी स्थगित होते, तेव्हा त्याचा केवळ उपजीविकेचा मार्ग बंद होत नाही, तर स्वतःविषयीची त्याची कल्पनाच कोलमडते. पहिला प्याला तो सुखासाठी नव्हे, तर अपमानाचे शल्य बोथट करण्यासाठी घेतो.

यानंतरचा संघर्ष दोन प्रतिमांमधील आहे. एका बाजूला बुद्धिमान, नीतिमान व पत्नीवर प्रेम करणारा सुधाकर आहे. दुसऱ्या बाजूला त्याच सुधाकराला तुच्छ लेखणारा, लज्जेने पोळलेला सुधाकर आहे. शुद्धीवर आला की तो स्वतःला पाहतो आणि पाहवत नाही म्हणून पुन्हा पितो. अशा रीतीने पश्चात्ताप हाच व्यसनाचे इंधन ठरतो. आपल्या व्यसनाच्या अवस्था तो स्वतःच्या तोंडाने अचूक विशद करतो, पण त्या ज्ञानाने त्याची सुटका होत नाही. बुद्धी शाबूत आणि इच्छाशक्ती खिळखिळी, हीच त्याची शोकांतिका आहे.

या दृष्टीने नाटकातील कळीचा प्रसंग पहिल्या प्याल्याचा नसून प्रतिज्ञेनंतरच्या प्याल्याचा आहे. दारू सोडण्याचा निश्चय करून सुधाकर काम मिळविण्यासाठी परिचितांकडे जातो. तेथे त्याच्या वाट्याला अवहेलना येते. सुधारू इच्छिणाऱ्या माणसाला समाज त्याच्या जुन्याच नावाने हाक मारतो. पहिल्या अपमानाने सुरू झालेले चक्र दुसऱ्या अपमानाने पूर्ण होते. पुढे नशेत त्याच्या हातून मूल दगावते व सिंधूवर प्राणघातक आघात होतो. मरणोन्मुख सिंधू पतीचा अपराध झाकते. तिची क्षमा सुधाकराला शिक्षेहून असह्य होते आणि तो विषमिश्रित प्याला ओठी लावतो. या अखेरच्या कृतीत प्रथमच तो स्वतःपासून पळ न काढता स्वतःचा न्याय करतो. अर्थात सिंधूच्या सहनशीलतेचे नाटकात झालेले उदात्तीकरण आजच्या वाचकाने चिकित्सकपणेच पाहिले पाहिजे. सुधाकराचे दुःख समजून घेणे म्हणजे त्याच्या हिंसेचे समर्थन करणे नव्हे.

निष्कर्ष :

१. सुधाकराचा मानसिक संघर्ष हा मोह आणि संयम यांच्यातील नसून अभिमान आणि लज्जा यांच्यातील आहे.

२. या संघर्षाला वसाहतकालीन व्यावसायिक वर्गाच्या परावलंबी प्रतिष्ठेचा ठोस ऐतिहासिक आधार आहे.

३. व्यसनमुक्तीनंतर पुन्हा व्यसनाकडे वळणे हा आजाराचाच भाग असू शकतो, असे आजचे उपचारशास्त्र मानते. गडकऱ्यांनी ही अवस्था १९१९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या या नाटकात नायकाच्या अंतरंगातून दाखविली.

हे नाटक वर्गात शिकविताना 'दारू वाईट' एवढ्या तात्पर्यावर थांबल्यास सुधाकर विद्यार्थ्यांच्या दृष्टीने केवळ एक दुर्बल मनुष्य ठरतो. त्याला परतीची वाट कोणी व का नाकारली, हा प्रश्न विचारला तरच या शोकात्मिकेचे सामाजिक मोल हाती लागते.