तपासणीचा दिवस आणि बाकीचे दिवस

आमच्या पेणमध्ये 'कारखाना' म्हटले की कुणाला धुराडे आठवत नाही, गणपती आठवतात. पेण, हमरापूर, जोहे, कळवे या भागात मूर्ती घडवण्याच्या जागेला सर्रास कारखानाच म्हणतात. रोह्याला गेलात की कारखाना म्हणजे धाटावची एमआयडीसी, कुंडलिकेच्या काठची रासायनिक कंपन्यांची वसाहत. आणि इतिहासाच्या पुस्तकात वाचावे तर शिवकाळातले अठरा कारखाने वेगळेच... अंबरखाना, दारूखाना, पीलखाना वगैरे. शब्द एक, पण त्याची रूपे किती! एक गोष्ट मात्र सगळीकडे सारखी. कारखाना आला की वस्तू आल्या, वस्तू आल्या की त्यांची जागा ठरवणे आले, आणि त्या खरेच जागेवर आहेत का हे बघणारा माणूस आला. आज त्या बघण्याविषयी थोडे लिहायचे आहे.

माझा एक पुतण्या धाटावला नोकरीला आहे. त्याच्या कंपनीत दर महिन्याला 'फाइव्ह एस'चे ऑडिट असते. एका विभागातल्या माणसाने दुसऱ्या विभागात जायचे, हातात प्रश्नांचा तक्ता घ्यायचा आणि गुण द्यायचे. मूळचे जपानी शब्द पाच. सेइरी म्हणजे नको ते वेगळे काढणे. सेइतोन म्हणजे हवे ते ठरल्या जागी ठेवणे. सेइसो म्हणजे सफाई. सेइकेत्सु म्हणजे या तिन्हींची एकसारखी पद्धत बसवणे. आणि शित्सुके म्हणजे शिस्त. नको असलेल्या वस्तूला लाल चिठ्ठी लावतात. हत्यारांच्या फळीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली असते, म्हणजे कुठला पाना परत आलेला नाही ते लांबूनच दिसते. जमिनीवर पिवळे पट्टे मारलेले असतात. पट्ट्यांमधली वाट मोकळी हवी, तिथे पिंप ठेवलेले दिसले की गुण गेले.

हे ऐकताना मला आमच्या शाळा तपासणीची आठवण झाली. चाळीस वर्षांपूर्वी साहेब येणार म्हटले की आठ दिवस आधी भिंतींना चुना लागे. कपाटातले नकाशे बाहेर येत, साहेबांची गाडी वळली की परत आत जात. शाळेचे नाव सांगत नाही, कारण ते कुठल्याही शाळेचे असू शकते! मुलांना ते सगळे कळत असे. आपण कोणासाठी स्वच्छ राहतो, याचा एक धडा ती मुले त्या दिवशी नकळत शिकत. म्हणून मी पुतण्याला विचारले, "अरे, तुमचे पिवळे पट्टे ऑडिटच्या दुसऱ्या दिवशीही मोकळे असतात का?" तो हसला. म्हणाला, "काका, खरा प्रश्न तोच आहे."

त्याच्या त्या प्रश्नापायी मी जुनी पाने उघडली. इतिहासाचा मास्तर दुसरे काय करणार?

शिवाजी महाराजांचे एक पत्र आपल्या कोकणातच लिहिले गेले आहे. चिपळूणजवळ हलवर्ण, म्हणजे दळवटणे, येथे घोडदळाची छावणी होती. तिथल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना राज्याभिषेकाच्या आगेमागे, पावसाळा तोंडावर असताना, ते पाठवलेले आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, या सांगण्यामुळे ते प्रसिद्ध झाले. पण त्याच पत्रात साठ्याच्या व्यवस्थेबद्दल जे आहे ते मला तितकेच मोलाचे वाटते. दाणा आणि गवत आत्ताच बेहिशेबी संपवले तर पावसात घोडी उपाशी मरतील. कोणी स्वयंपाकासाठी चूल पेटवील, कोणी गवताजवळ चिलीम ओढील, रात्री दिवा तसाच राहील, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि सगळे गवत जळेल. मागाहून कुणाला कितीही कडक शिक्षा केली तरी जळालेला खण पुन्हा उभारायला एक लाकूडही मिळणार नाही. म्हणून वरिष्ठांनी स्वतः सतत फिरत राहावे.

बघा, यात किती गोष्टी आल्या. धोका कुठून येईल ते सांगितले, थेट उंदरापर्यंत. काय नुकसान होईल ते सांगितले. शिक्षा हा उपाय नव्हे हे सांगितले. आणि देखरेख कोणी करायची, तर मोठ्या माणसाने, आणि तीही रोजची. प्रत्येक सूचनेला तिचे कारण जोडलेले आहे. ज्याला कारण कळले तो शिपाई साहेब नसतानाही दिवा विझवील.

यानंतरचा मोठा टप्पा इंग्रजी अमदानीतला. मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या आणि १८८१ साली देशातला पहिला कारखाने कायदा आला. तो १०० किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांपुरता होता. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला त्याने मनाई केली आणि धोक्याच्या यंत्रांभोवती कुंपण घालायला सांगितले. (सात वर्षे! माझे पहिलीतले विद्यार्थी आठवले.) एवढ्यावर कामगारांचे समाधान होणे शक्यच नव्हते. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची सभा भरवून त्यांच्या मागण्या पुढे मांडल्या. यंत्र कोणत्या स्थितीत आहे हे त्यावर राबणाऱ्याला सर्वांत आधी कळते, आणि त्याचे म्हणणे ऐकायला तेव्हा कोणी नव्हते.

स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कारखाने कायदा आला. त्याचे अकरावे कलम फक्त स्वच्छतेचे. जमीन आठवड्यातून एकदा तरी धुवायची. भिंतींना दर १४ महिन्यांत एकदा चुना, तैलरंग असेल तर ५ वर्षांत एकदा नवा हात. आणि हे कधी केले त्या तारखा वहीत लिहायच्या. भोपाळला १९८४ च्या डिसेंबरात जे घडले त्यानंतर, १९८७ मध्ये, या कायद्यात धोकादायक प्रक्रियांचे वेगळे प्रकरण आले. कामगाराला धोक्याची माहिती मिळाली पाहिजे आणि संकट समोर दिसले तर ते वरिष्ठांच्या नजरेस आणण्याचा त्याला हक्क आहे, हे त्यात आले. आता नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा २०२० च्या श्रम संहितेने घेतली आहे. पण पुस्तक बदलले म्हणून प्रश्न बदलत नाही. चुना लावल्याची तारीख वहीत सापडते, मधल्या १४ महिन्यांत भिंतीजवळ काय रचून ठेवले होते ते वहीत सापडत नाही.

आता रोह्याची एक गोष्ट सांगतो. आपले चिंतामणराव देशमुख. जन्म १८९६ चा, महाडजवळच्या नाते गावी, आणि बालपण रोह्यात गेलेले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण १९४५ ते १९६४ अशी जवळजवळ वीस वर्षे ते कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्षही होते. ही संस्था प्रशांतचंद्र महालनोबिस यांची. त्यांच्या निमंत्रणावरून १९४७-४८ मध्ये वॉल्टर शूहार्ट हा अमेरिकन तज्ज्ञ भारतात आला, देशभर हिंडला आणि इथल्या उद्योजकांना गुणवत्तेचे शास्त्र समजावून गेला.

शूहार्टने १९२४ साली वेस्टर्न इलेक्ट्रिक या टेलिफोन बनवणाऱ्या कंपनीत असताना एक आलेख तयार केला होता. त्यातला विचार साधा आहे. एका दिवसाच्या मापावरून काही ठरवू नका. रोजची मापे ओळीने मांडा. चढउतार नेहमीचे असतील तर एकट्यादुकट्याला बोल लावण्यात अर्थ नाही, सुधारायची तर पद्धतच सुधारा. ओळ एकदम भलतीकडे गेली तर मात्र लगेच कारण शोधा. त्याचेच विचार घेऊन डेमिंग १९५० मध्ये जपानी अभियंत्यांपुढे बोलले. जपानने ते मनावर घेतले आणि १९५१ पासून डेमिंग यांच्या नावाचे पारितोषिकही सुरू केले. फाइव्ह एस काही डेमिंग यांनी दिलेले नाही, ते जपानी कारखान्यांच्या रोजच्या कामातून घडले. पण रोज बघणे, मोजणे आणि माणसाआधी पद्धत तपासणे ही दृष्टी त्याच हवेतली. रोह्यात वाढलेला माणूस ज्या संस्थेचा अध्यक्ष, त्या संस्थेच्या दारात हा विचार तेव्हाच येऊन गेला होता आणि अर्धे शतक उलटल्यावर तो जपानी नावाने धाटावला आला, याची मला मोठी गंमत वाटते. थोडी खंतही वाटते.

पाचवा शब्द शित्सुके. याचे भाषांतर फळ्यांवर 'शिस्त' असे करतात. पण जपानीत मुलांना वळण लावण्यालाही शित्सुके म्हणतात, आणि शिवणकामात पक्की शिलाई घालण्याआधी जो कच्चा टाका घालतात त्यालाही तोच शब्द आहे. आपल्या 'वळण' शब्दाच्या किती जवळचे आहे हे! शिस्त बाहेरून लावता येते, वळण अंगात मुरावे लागते. कच्चा टाका शेवटी काढूनच टाकायचा असतो. तपासणीचेही तसेच असावे.

पेणच्या मूर्तींच्या कारखान्यांत कसला तक्ता नसतो. तरी साचे एकीकडे, ओल्या मूर्ती दुसरीकडे, रंगकाम वेगळे आणि डोळ्यांची आखणी करणाऱ्याची बसायची जागा उजेडाची. मूर्तीला धक्का लागता कामा नये हे कारण सगळ्यांना ठाऊक असते, म्हणून ही मांडणी कोणी न सांगता टिकते. मात्र रंगाचा फवारा मारणाऱ्याच्या नाकावर काही ठिकाणी साधा रुमालसुद्धा नसतो. मूर्तीची काळजी वळणात आली, माणसाची अजून यायची आहे. घरगुती कारखाने लहान, त्यामुळे बहुतेक ठिकाणी कारखाने निरीक्षकही येत नाही.

आणि धाटावला तर हा जिवाचा प्रश्न आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाडच्या औद्योगिक वसाहतीत आणि सप्टेंबर २०२४ मध्ये धाटावला स्फोट होऊन कामगार दगावले. त्यांच्या कारणांविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. एवढेच कळते की अशा वेळी पिवळ्या पट्ट्यांमधली वाट मोकळी आहे की नाही हा गुणांचा विषय उरत नाही. त्या वाटेने कोणाला तरी धावायचे असते, आणि त्याच्या घरी कोणीतरी वाट बघत असते.

म्हणून पुतण्याला मी मास्तरकीच्या सवयीने दोनच गोष्टी सुचवल्या. तुमच्या तक्त्यात प्रत्येक प्रश्नापुढे 'का' असा एक रकाना घाला, आणि त्याचे उत्तर साहेबाला न विचारता तिथे काम करणाऱ्या कंत्राटी पोराला विचारा. त्याला सांगता आले तर पूर्ण गुण. दुसरे, तारीख न कळवता जा, शक्यतो रात्रपाळीला, आणि एका दिवसाचे गुण न बघता वर्षभराची ओळ बघा.

तो म्हणाला, पहिली सूचना वर मांडून बघतो, दुसरी जरा कठीण आहे. असो. पत्रातला उंदीरही तारीख कळवून येणार नव्हता, एवढे त्याला आठवण म्हणून सांगितले आहे.