रेघ नकाशावरची, वाट पायाखालची: पुण्याच्या सायकल मार्गांची गोष्ट

पुण्याला 'सायकलींचं शहर' म्हणायचे, हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरायचा. वेगळ्या मार्गाची गरज वाटावी अशी परिस्थितीच नव्हती. मग स्कूटर आली, पुढे मोटारसायकल हप्त्यावर मिळू लागली, आणि सायकलवाला हळूहळू रस्त्याच्या कडेला ढकलला गेला.

2006 हे साल लक्षात ठेवा. त्या एकाच वर्षात तीन गोष्टी झाल्या. केंद्र सरकारचं राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण आलं: रस्ते गाड्यांसाठी नव्हे, माणसांसाठी आखा, असं सांगणारं. डिसेंबरात कात्रज–स्वारगेट–हडपसर बीआरटी सुरू झाली. तिच्या कडेनं पदपथ आणि सायकल मार्ग होते. आणि याच वर्षी महापालिकेनं अंदाजपत्रकात नागरिकांचा सहभाग सुरू केला. म्हणजे काय, तर क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरायचा आणि आपल्या भागातलं काम सुचवायचं.

आता गंमत बघा. (गंमत कसली म्हणा!) हा सहभाग प्रभागापुरता, कामं छोटी. सोसायटीसमोरचा पदपथ दुरुस्त करा, बाक बसवा, दिवा लावा. ही कामं गरजेचीच, पण मार्ग प्रभागाच्या हद्दीत मावत नाही. धायरीहून डेक्कनला सायकलनं येणारा माणूस कितीतरी प्रभाग ओलांडतो. त्याचा अर्ज नेमक्या कुठल्या खिडकीवर घ्यायचा? लोकांना विचारलं तिथं मार्ग नव्हता, आणि मार्ग आखला तो अभियंत्यांनी. परिणाम आपण पाहिला: मध्येच विजेची डीपी, पुढं बसथांबा, त्यापुढं उभ्या दुचाकी. सायकलवाला खाली उतरून पुन्हा गाड्यांत.

अख्ख्या शहराचं जाळं एकत्र मांडणारा सायकल आराखडा यायला 2017 उजाडलं. मसुदा लोकांपुढे ठेवला, मतं मागवली, आणि डिसेंबर 2017 मध्ये मुख्य सभेनं तो मंजूर केला. माझ्या मते हे मोठं काम होतं. पण मतं मांडायला येतं कोण? पहाटे डबे पोचवणारा, बांधकामावर जाणारा, वॉचमन, म्हणजे पर्याय नाही म्हणून सायकल चालवणारा माणूस, सुनावणीच्या वेळी कामावर असतो. त्याला विचारायचं तर पहाटे सहाला चौकात उभं राहायला हवं. दुकानदार मात्र येतात, कारण पार्किंग जाईल ही त्यांची भीती खरी असते. तिला उगाच नावं ठेवू नयेत.

त्या भीतीवर एक उपाय नंतर पुण्यातच दिसला. 11 डिसेंबर 2021 ला लक्ष्मी रस्त्याच्या एका भागात एक दिवस गाड्या बंद ठेवल्या आणि 'पादचारी दिन' साजरा झाला. काँक्रीट ओतलं नाही, खांब रोवले नाहीत. दिवसभर लोक रस्त्यावर चालले, आणि दुकानदारांनी आपापल्या दारात उभं राहून ते पाहिलं.