भिंतीत गेलेली पांढरी

वैशाखात वाशीमचा पारा चाळिशी ओलांडतो. तरीही कारंजा, रिसोड, मंगरूळपीर भागातील मातीच्या जुन्या घरांत दुपारी गारवा टिकून असतो. हात-दीड हात जाडीची भिंत दिवसभर ऊन पिते. ती उष्णता आतल्या अंगाला पोहोचेपर्यंत रात्र होते. तोवर घरातली माणसे धाब्यावर किंवा अंगणात निजायला गेलेली असत.

ही माती मात्र शेतातली नव्हे. वऱ्हाडची काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते. तिची भिंत टिकत नाही. म्हणून भिंतीला, धाब्याला आणि बाहेरच्या लिंपणाला पांढरी माती लागे. जुन्या व्यवहारात शेतजमीन ती ‘काळी’ आणि गाववस्तीची जागा ती ‘पांढरी’. पिढ्यान्‌पिढ्यांची पडकी घरे, चुलींची राख, शेण, चुना यांचे थर साचून वस्तीची टेकाडे पांढुरकी झाली होती. थोडक्यात, नवे घर उभारायला जुने गाव खणले जाई.

वाशीम परिसरात याची किंमत मोठी आहे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट १९३९ मध्ये येथेच सापडला. याच शाखेतील हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे कोरवून घेतले. तेथील चित्रांखालीही माती, तूस आणि वनस्पतींचे धागे यांचाच लेप आहे. वऱ्हाडी लिंपणाचे हे राजदरबारी भावंडच!

ताम्रपट हाती लागला तर निदान ओळखू येतो. खापराचा तुकडा मात्र चिखलात तुडवला जातो आणि एकदा भिंतीत गेला की तो कोणत्या थरातला होता, हे कधीच सांगता येत नाही.

पूर्वी दिवाळीआधी कुटार-शेण कालवलेल्या मातीने भिंत लिंपून वर पोतारा दिला जाई. आता त्याच भिंतीवर ‘पक्का’ म्हणून सिमेंटचा गिलावा चढतो. मातीची भिंत ओल शोषते, तशी ती बाहेरही टाकते. सिमेंट ही वाट बुजवते. भेगेतून शिरलेले पाणी आत अडकते, माती मऊ पडते आणि गिलावा भिंतीचा थर सोबत घेऊनच सुटतो. मग घर पाडण्याचा निर्णय होतो. वास्तविक गळालेली माती भिजवून, कुटार घालून पुन्हा लिंपता येते, वर चुन्याचा हात देता येतो. त्यासाठी टेकाडावर कुदळ घालावी लागत नाही.