अनवाणी पायांची गोष्ट

मंडळी, मागच्या वेळी एका श्रोत्याने विचारले होते, १९५० च्या विश्वचषकातून भारताला अनवाणी खेळण्यामुळे बाहेर ठेवले, हे खरे का? तेव्हा वेळ संपला होता, म्हणून आज तिथूनच सुरुवात करू.

ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. आम्हीही ती वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो, तीसुद्धा कार्यकारणभाव शिकवताना! तेव्हा आधी आमचीच चूक दुरुस्त करतो.

घडले काय ते पाहा. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये आपला संघ फ्रान्सकडून २-१ असा हरला. बहुतेक खेळाडू अनवाणी. सारंगपाणी रामन यांनी गोल केला. दोन पेनल्टी मात्र वाया गेल्या. दोन वर्षांनी ब्राझीलच्या विश्वचषकात आपल्याला आयती जागा मिळाली, कारण पात्रता गटातल्या बाकीच्या देशांनी माघार घेतली. स्वीडन, इटली, पराग्वे यांच्याबरोबर नावही लागले. आणि महासंघाने संघ पाठवलाच नाही! कारणे दिली ती संघनिवडीवरचे मतभेद आणि सरावाला अपुरा वेळ, ही.

आता बंदी म्हणाल, तर १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये आपले कितीतरी खेळाडू पुन्हा अनवाणीच उतरले. ऑलिम्पिकचा फुटबॉलही फिफाच्याच नियमांनी चालायचा. मग जे १९५२ मध्ये चालले, ते १९५० मध्ये आडवे कसे आले असेल? तिथे युगोस्लाव्हियाने १०-१ असे हरवले, त्यानंतर बूट सक्तीचे झाले, ते आपल्याच महासंघाने केले. शैलेन मन्ना पुढे सांगत, की त्या वेळी ऑलिम्पिक म्हणजेच सर्वस्व होते. विश्वचषकाचे मोल कुणाला कळलेच नव्हते. पण 'आम्हाला कळले नाही' यापेक्षा 'आम्हाला येऊ दिले नाही' हे सांगायला बरे वाटते. गरिबीचा अभिमान बाळगता येतो, बैठकीतल्या निर्णयाचा कसा बाळगणार?

बूट आले आणि खेळ बिघडला, असेही नाही. १९५६ ला मेलबर्नमध्ये सय्यद अब्दुल रहीम यांच्या संघाने ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवले, त्यात आपल्या मुंबईच्या नेव्हिल डिसूझांचे तीन गोल. ऑलिम्पिकमध्ये चौथा क्रमांक, म्हणजे काही थोडेथोडके नाही. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत तर रहीम यांनी, डोक्याला टाके पडलेले बचावपटू जर्नैल सिंग यांना चक्क आघाडीला खेळवले. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध एक गोल पी. के. बॅनर्जींचा, दुसरा जर्नैल सिंगांचा. २-१, सुवर्णपदक.

रहीम तेव्हा कर्करोगाने आजारी होते. पुढच्याच वर्षी ते गेले. आणि विश्वचषकाची पात्रता आपल्याला १९५० नंतर आजवर मिळालेली नाही.