कल्हईचा हिशेब

पितळी भांडी पुन्हा आली आहेत. दुकानांत चकचकीत पातेली मांडलेली असतात, वर पाटी: ‘आजीच्या काळचं स्वयंपाकघर’. घेणाऱ्यांचं काही चुकत नाही. पितळेच्या जाड बुडाला आच सारखी लागते, दूध सहसा करपत नाही आणि पातेलं नातसुनेलाही पुरतं. पण आजीच्या काळी त्या पातेल्याबरोबर एक माणूसही घराशी बांधलेला असे आणि पाटीवर त्याचा पत्ता नाही. तो कल्हईवाला. मी जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे मला त्याचं कौतुक थोडं जास्तच आहे.

तांब्या-पितळेचं आणि आंबटाचं हाडवैर. ताक, चिंचेची आमटी, आमसुलाचं सार उघड्या पितळेत घटकाभर राहिलं की कळकतं. तोंडात धातूची चव येते, पुढे मळमळ आणि उलट्या. म्हणून भांड्याला आतून कथलाचा पातळ थर द्यायचा. युक्ती फार जुनी आहे. कथील चढवलेल्या भांड्यात अन्नाची चव सुधारते आणि तांब्याच्या जंगाचं विष आटोक्यात राहतं, हे प्लिनी या रोमन लेखकानं पहिल्या शतकात नोंदवलं होतं. ‘ऐन-इ-अकबरी’त तर वेळापत्रकच आहे: बादशहाच्या मुदपाकखान्यातल्या तांब्याच्या भांड्यांना महिन्यातून दोनदा कल्हई, शहजाद्यांच्या भांड्यांना एकदा.

आमच्याकडे बादशाही नव्हती. रोजच्या पातेल्याचा तळ आतून पिवळा दिसू लागला की आजी ते बाजूला काढून ठेवी आणि गल्लीत ‘कल्हईऽऽ’ अशी हाळी आली की घरातली तपेली, गंज, परात सगळं ओट्यावर जमा होई. तो अंगणाच्या कडेला जमिनीत खड्डा करी, त्यात कोळसे पेटवी आणि चामड्याचा भाता लावी. भांडं आधी वाळूनं लख्ख घासायचं. मोठ्या भांड्यात तर तो चक्क उभा राही आणि कंबर हलवत पायांनी घाशी. आम्हा पोरांना ते नाचासारखं वाटे.

खरी कसोटी पुढे. कथील 232 अंशांना वितळतं. भांडं त्याहून थंड राहिलं तर कथील धरत नाही, फार तापलं तर ते काळवंडून वाया जातं. त्याच्याकडे तापमापक नव्हता. तो भांडं चिमट्यात फिरवत रंग बघे, मग नवसागराची पूड टाकी. भप्पकन पांढरा धूर उठे, नाकाला झोंबे. तापलेल्या नवसागरातून आम्ल सुटतं आणि धातूवरचा गंजाचा पापुद्रा खाऊन टाकतं. उघड्या झालेल्या तांब्याला मग कथील नुसतं चिकटत नाही, त्याच्याशी मिश्रधातू होऊन बसतं. कथलाची कांडी एकदा टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं झरझर पसरवायची. तीन-चार हात फिरले की पिवळं पातेलं आतून चांदीसारखं होई. लगेच पाण्यात: चर्रर्र.

आजी मात्र धुरापेक्षा कांडीकडे डोळे लावून बसे. कथील महाग, आपल्या मुलखात त्याची खाण नव्हती. ते मलायाकडून समुद्रावाटे यायचं. त्यात स्वस्त शिसं मिसळायचा मोह मोठा आणि शिसं पोटात जाणं कळकलेल्या ताकापेक्षा वाईट. शुद्ध कथलाची कांडी कानाशी धरून वाकवली तर कुरकुरते. शिसं मिसळलं की ती कुरकुर मंदावते. शिवाय शिसं कागदावर करडी रेघ ओढतं. आजी ‘दे बघू इकडे’ म्हणून कांडी वाकवून बघे, मगच भाव ठरे.

पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांची ही वस्ती. हातोडीच्या ठोक्यांनी भांड्याच्या अंगावर एकसारख्या खळ्या उठवायचं त्यांचं मठारकाम आजही लोक हौसेनं घेतात. तांबट भांडं घडवी, कल्हईवाला ते राखी आणि घरातली बाई त्याचे नियम पाळी. रिकामं पातेलं चुलीवर ठेवायचं नाही, कल्हईच्या भांड्यात कडकडीत फोडणी करायची नाही, त्यासाठी लोखंडी पळी. उलथनं खरवडायचं नाही. सगळे नियम त्या 232 अंशांचे आणि पातळ थराचे. आजीला आकडा ठाऊक नव्हता, पण तो तिच्या हातात होता.

मग आधी ‘जर्मन’ची, म्हणजे अॅल्युमिनियमची, भांडी आली आणि मागोमाग स्टील. शेफील्डच्या हॅरी ब्रियर्लीनं 1913 मध्ये केलेलं हे गंज न धरणारं पोलाद आपल्या स्वयंपाकघरात मुरायला बरीच दशकं लागली. पण मुरलं ते कायमचं. बोहारीण जुन्या साड्यांवर स्टीलचा डबा देऊ लागली, लग्नात नावं कोरलेली स्टीलची ताटं आली आणि पितळ वजनावर मोडीत निघालं. आईनं एका दुपारी हंडे-पातेली मोडीत घातली तेव्हा तिला जराही वाईट वाटलं नाही. चिंच-राखेनं घासून घासून तिचे हात फाटलेले होते. घराघरांतलं पितळ गेलं तसा कल्हईवाल्याचा फेराही बंद झाला. पाट्या-जात्याला टाकी लावणाऱ्यांचंही हेच झालं.

म्हणून जुन्या वस्तूंना ‘साध्या’ म्हणताना मी थबकते. साधी होती ती वस्तू; तिच्यामागचा बंदोबस्त मुळीच साधा नव्हता. त्यात मलायाचं कथील होतं, नवसागर होता, आच ओळखणारा डोळा होता आणि दर थोड्या महिन्यांनी पैसे मोजायची तयारी होती. दुरुस्ती हा खर्च नसून वापराचाच भाग आहे, असं मानणारं ते घर होतं. जुन्या भांड्यांची ओढ मला कळते. माझ्या मते ती मुळात या मानण्याची ओढ आहे, आणि ते दुकानात मिळत नाही.

तेव्हा पितळेचं पातेलं जरूर घ्या. पण त्याआधी फिरून कल्हईवाला शोधा, त्याचा फोन नंबर घ्या, कांडी वाकवून बघा आणि तो सांगेल तो भाव घासाघीस न करता द्या. तो सापडला नाही, तर आंबटाला स्टीलच बरं.