मधली तेराशे वर्षे

उर्दूत 'तारीख' हा एकच शब्द दिनांकासाठीही चालतो आणि इतिहासासाठीही. वर्गात मात्र, माध्यम उर्दू असो वा मराठी, त्याचा पहिलाच अर्थ शिल्लक राहतो. मुले सन पाठ करतात, उत्तरपत्रिकेत उतरवतात आणि सुट्टी लागली की विसरतात. याहून काळजीची गोष्ट वेगळीच आहे. आमच्या उर्दू शाळेतल्या मुलांना इतिहास म्हणजे दिल्ली, आग्रा आणि लाल किल्ला एवढेच वाटते. जे काही 'आपले' आहे ते दूर उत्तरेत आहे आणि आपण राहतो तिथे आपले काही नाही, असा त्यांचा समज असतो. ज्यांच्या घरी आजी अस्सल कोकणी मराठीत बोलते, भाकरी भाजते आणि म्हणींनी घर दणाणून सोडते, त्या घरातल्या मुलालाही "आपण मूळचे कुठले?" असे विचारले, तर तो म्हणतो, "आपण बाहेरून आलो." हे उत्तर त्याला कोणी शिकवले नाही. पुस्तकातल्या रिकाम्या जागेतून ते त्याने स्वतःच काढले आहे.

म्हणून गेल्या हिवाळ्यात आम्ही दहिसरच्या काही शिक्षकांनी ठरवले की एक दिवस मुलाबाळांसह इतिहास पाहायला जायचे, पण दूर जायचे नाही. दहिसर हे साष्टी बेटाच्या उत्तर भागात. खाडी ओलांडली की वसई आणि तिच्या पुढे सोपारे. लोकलने दहिसरपासून नालासोपारा पाचवे स्टेशन. ज्या गावाला आज जग लोकलच्या गर्दीमुळे ओळखते, ते एके काळी पश्चिम किनाऱ्यावरचे नामांकित नगर होते. महाभारतात ते 'शूर्पारक' म्हणून येते. पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशाच्या प्रवासवर्णनात 'सुप्पारा' आणि अरबांच्या लिखाणात 'सुबारा' अशी त्याची नावे आहेत. आम्ही एक सात आसनी गाडी भाड्याने घेतली आणि दिवसभरासाठी माहितगार गाईड ठरवला. तरुण मुलगा, त्याच भागातला, वाचन असलेला आणि बोलायला गोड.

सकाळी पहिला मुक्काम सोपाऱ्याचा स्तूप. स्थानिक लोक या जागेला बुरुड राजाचा कोट म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हा विटांचा स्तूप खणला तेव्हा आत दगडी करंडक निघाला. त्यात तांब्याची, चांदीची, स्फटिकाची आणि सोन्याची अशी एकात एक ठेवलेली पात्रे होती. सोन्याची फुले, भिक्षापात्राचे तुकडे, बुद्धांच्या लहान मूर्ती आणि यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणेही मिळाले. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. त्याच साली भगवानलालांना सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. पुढे १९५६ मध्ये जवळच्या भुईगावात नवव्या लेखाचा तुकडा मिळाला.

आठव्या लेखाचा विषय ऐकून आम्ही शिक्षक मंडळी चमकलो, कारण तो विषय आहे प्रवास. पूर्वीचे राजे मौजेसाठी आणि शिकारीसाठी फिरायला निघत. आपण ते सोडून धम्मयात्रा सुरू केली, असे अशोक त्यात सांगतो. या यात्रेत श्रमण-ब्राह्मणांना भेटायचे, वृद्धांना भेटून दान द्यायचे, खेड्यापाड्यांतल्या माणसांशी बोलायचे आणि धम्माची चर्चा करायची. सुमारे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी सहलीचा हेतू असा दगडावर कोरलेला आहे, आणि त्या दगडाचा तुकडा आमच्या घरापासून पाच स्टेशनांवर सापडतो.

गाईडने हे सारे फार छान सांगितले. मग तो म्हणाला, "आता आपण वसईच्या किल्ल्यात जाऊ. तिथून पोर्तुगीजांचा इतिहास सुरू होतो."

आमच्यातल्या एका शिक्षिकेची सातवीतली मुलगी बोटांवर हिशेब करत होती. तिने विचारले, "दादा, सातवाहन दुसऱ्या शतकातले आणि पोर्तुगीज सोळाव्या शतकातले. मधल्या तेराशे वर्षांत इथे कोण राहत होते?"

गाईड क्षणभर थांबला. "मध्ये छोटी-मोठी राजघराणी होऊन गेली. सांगण्यासारखे विशेष काही नाही."

त्यात त्याचा दोष नाही. त्याने वाचलेल्या पुस्तकांत जेवढे आहे तेवढे तो सांगतो. आमच्या पुस्तकांतही मधली पाने अशीच चिकटलेली आहेत. पण ती पाने कोरी नाहीत. मुलीच्या प्रश्नाला आम्ही जेवणाच्या वेळी जे उत्तर दिले, ते इथे थोडे विस्ताराने लिहितो.

त्या काळात या किनाऱ्यावर राष्ट्रकूटांची आणि मग शिलाहारांची सत्ता होती. राष्ट्रकूट राजाला अरब 'बलहरा' म्हणत. हे 'वल्लभराज' या बिरुदाचे अरबी रूप. नवव्या शतकापासूनचे अरब प्रवासी एक गोष्ट पुन्हा पुन्हा नोंदवतात की हा राजा मुसलमान व्यापाऱ्यांना आस्थेने वागवतो. इस्तखरी आणि इब्न हौकल या दहाव्या शतकातल्या भूगोलकारांनी संजाण, चौल आणि खंबायत इथल्या जामा मशिदींचा उल्लेख केला आहे. या मुलखात आंबे, नारळ, लिंबू आणि तांदूळ पिकतात, मध भरपूर आहे, पण खजूर नाही, असेही ते लिहितात. घरापासून इतक्या दूर आलेल्या अरबाला आंबा मिळूनही खजुराची आठवण यावी, हे वाचताना माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो.

सर्वांत तपशिलाचे वर्णन मसूदीचे आहे. तो हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६-१७ च्या सुमारास, सैमूरला आला होता. सैमूर म्हणजे आजचे रायगड जिल्ह्यातले चौल. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे तो सांगतो. त्यांत सिराफ, ओमान, बसरा आणि बगदादहून आलेले लोक होते. तसेच 'बयासिरा' होते, म्हणजे याच भूमीत जन्मलेले मुसलमान. त्यांच्यासाठी तेव्हाच स्वतंत्र शब्द रूढ झाला होता. त्यांचे तंटे सोडवण्यासाठी राजा त्यांच्यातलाच एक प्रतिष्ठित माणूस नेमी. त्याला 'हुनरमन' म्हणत. उर्दू शिकवणाऱ्यांना या शब्दात 'हुनरमंद' ऐकू येणारच. सैमूर, सुबारा आणि ठाणे या बंदरांत लोक एकच भाषा बोलतात, असेही मसूदीने लिहून ठेवले आहे. म्हणजे अकराशे वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर इथेच जन्मलेले, इथली बोली कानांवर पडत वाढलेले मुसलमान होते. "आपण बाहेरून आलो" म्हणणाऱ्या मुलाला निदान हा एक शब्द, बयासिरा, माहीत असायला हवा.

अरबांनी अरबांबद्दल लिहिलेले खरे कशावरून, असे कोणी विचारील. तर १९५५ मध्ये डहाणू तालुक्यातल्या चिंचणी गावी काही ताम्रपट सापडले. प्रसिद्ध पुराभिलेखतज्ज्ञ दि. चं. सरकार यांनी ते वाचून प्रसिद्ध केले. त्यांतला एक शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६ चा आहे. भाषा संस्कृत, राजा राष्ट्रकूट तिसरा इंद्र. संयान मंडलाचा, म्हणजे संजाण परिसराचा, कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव त्यात 'मधुमति' असे आले आहे. तो सहियारहाराचा पुत्र आणि ताजिक कुळातला. ताजिक म्हणजे अरब, सहियारहार म्हणजे शहरियार आणि मधुमति म्हणजे मुहम्मद. त्याचे दुसरे नाव सुगतिप. इंद्राच्या आधीच्या कृष्ण राजाने त्याला हा मुलूख सोपवला होता. आसपासच्या बंदरांच्या नायकांना जिंकून त्याने तिथे आपले अधिकारी बसवले, तेही आपल्या राजाच्या वतीने.

हा मधुमति पुढे काय करतो? प्रवाशांसाठी दोन प्रवाहांवर नावांची सोय करतो. एक अन्नछत्र उघडतो. तिथे भात, कालवण आणि तूप मोफत मिळे, हे ताम्रपटात नोंदलेले आहे. आणि अन्नैय नावाच्या ब्राह्मणाने बांधलेल्या देवीच्या मठाला तो राजाच्या संमतीने एक गाव दान देतो. पूजेचा आणि मठातल्या लोकांच्या जेवणाचा खर्च त्यातून चालावा म्हणून.

ही हकिकत ऐकून मुलांपेक्षा मोठी माणसेच अधिक वेळ गप्प बसली.

याचा अर्थ मधली पाने सगळी सोनेरी आहेत असा नाही. ठाण्यावर पहिली अरब स्वारी इ.स. ६३६ च्या सुमारास झाली. ती आपल्याला न विचारता केली म्हणून हजरत उमर नाराज झाले, असे बलाजुरी या इतिहासकाराने लिहिले आहे. तो प्रसंग लपवून चालणार नाही. १३२१ मध्ये ठाण्यात चार ख्रिस्ती फकिरांना धर्माच्या वादातून तिथल्या मुसलमान अधिकाऱ्याने मारवले. त्यांचा सोबती जॉर्डानस याने त्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन दफन केले. पुढे आलेला ओडोरिक हा प्रवासी लिहितो की दिल्लीच्या सुलतानाने त्या अधिकाऱ्याला बोलावून शिक्षा केली. मधुमतिची गोष्ट जो सांगेल त्याने ठाण्याचीही सांगावी. एक सांगून दुसरी गाळली, तर आपणही पाने चिकटवणाऱ्यांतले होऊ.

सोपारा बंदर शिलाहारांच्या काळातही जागते होते. अनंतदेवाच्या १०९४ च्या ताम्रपटात जकात माफ केलेल्या बंदरांत ठाणे आणि चौल यांच्याबरोबर शूर्पारकाचे नाव आहे. मग खाडी गाळाने भरत गेली आणि जहाजे दुसरीकडे वळली.

दुपारी आम्ही वसईच्या किल्ल्यात पोहोचलो. इथे गाईड पुन्हा आपल्या माहितीच्या वाटेवर आला. पडक्या देवळांच्या उंच कमानी, फ्रान्सिस्कनांच्या चर्चमधल्या जमिनीत बसवलेल्या कबरींच्या शिळा, समुद्राकडचा दरवाजा, सारे त्याने फिरवून दाखवले. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने हुमायूनच्या दबावाखाली वसई पोर्तुगीजांना दिली. तिच्याबरोबर साष्टी गेली आणि मुंबईची बेटेही गेली. म्हणजे आमच्या दहिसरची राजधानी दोनशे वर्षे हीच वसई होती. दहिसरजवळच्या मंडपेश्वर लेण्यात शिवालयाचे चर्च झाले ते याच काळात.

त्या तहातले एक कलम गाईडने सांगितले नाही, म्हणून आम्ही सांगितले. गुजरातेतून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या प्रत्येक जहाजाने वसईहून निघायचे, परतताना वसईलाच यायचे आणि पोर्तुगीजांना जकात भरायची, असे त्यात ठरले होते. तांबडा समुद्र म्हणजे जेद्दाची वाट, म्हणजेच हजची वाट. पुढच्याच वर्षी नव्या तहाने हे बंधन बदलले. पण एका सुलतानाच्या अडचणीची किंमत हाजीच्या गलबताने मोजायची वेळ आली होती, एवढे त्यातून कळते. बहादूरशहाला पुढे १५३७ मध्ये दीवच्या समुद्रात पोर्तुगीजांनीच मारले.

१७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई. हरलेल्या पोर्तुगीजांना त्यांनी सन्मानाने बाहेर जाऊ दिले. चर्चच्या घंटा महाराष्ट्रातल्या देवळांत गेल्या, त्यांतली एक नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आजही आहे. आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी याच वसईत दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह करून आपले स्वातंत्र्य गमावले. गाईड हे सांगताना रंगला आणि आम्हीही मन लावून ऐकले. हा इतिहासही आमचाच आहे. त्यात कोणाची बाजू घ्यायची, यापेक्षा काय घडले हे मुलांना कळणे महत्त्वाचे.

परतीच्या वाटेवर गाईडने वही काढली आणि म्हणाला, "सर, ते ताम्रपटाचे गाव कुठले म्हणालात? आणि साल?" आम्ही चिंचणी आणि शके ८४८ लिहून दिले. मसूदीचे नावही दिले. पुढच्या लोकांना हे नक्की सांगतो, असे तो म्हणाला. दिवसभराच्या भाड्यात याहून मोठी वसुली कोणती?

आमच्या उर्दू शाळांच्या सहली बहुधा वॉटर पार्कला जातात. मुलांनी पाण्यात खेळावे, त्याला आमची हरकत नाही. पण नववीच्या मुलांची एक सहल सोपाऱ्याला काढणे अवघड नाही. लोकलचे तिकीट, रिक्षा आणि घरचा डबा एवढ्यात ती होते. आधी वर्गात नकाशावर संजाण, सोपारे, ठाणे आणि चौल ही चार बंदरे मुलांकडून भरून घ्यावीत. एकेका गटाला एकेक शतक वाटून द्यावे. गाईड सातवाहनांवरून पोर्तुगीजांवर आला की त्या त्या गटाने उभे राहून आपले शतक सांगावे. परत आल्यावर प्रत्येकाने घरातल्या आजीला किंवा नानीला तिच्या माहेरच्या गावाविषयी पाच प्रश्न विचारून तिचे शब्द तसेच उतरवून आणावेत. वृद्धांना भेटावे, हे अशोकानेही यात्रेच्या कामांत लिहिलेच आहे.